आर्गन, सीओटू आणि रॉड : छोट्या कार्यशाळेतील वेल्डिंगमागचा वायूंचा इतिहास

१/ भारतातील औद्योगिक वसाहतींत फॅब्रिकेशनच्या दुकानांवरील पाट्या वाचल्या, तर ‘आर्गन वेल्डिंग’ आणि ‘सीओटू वेल्डिंग’ ही दोन नावे हमखास आढळतात. पाठ्यपुस्तके याच पद्धतींना टिग आणि मिग म्हणतात. कारागिरांनी मात्र यंत्राचे नाव बाजूला ठेवून वायूचे नाव उचलले. या नामकरणामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. (थ्रेड)

२/ घरामागच्या पडवीत किंवा गॅरेजमध्ये छोटी कार्यशाळा उभारणाऱ्यापुढे आज एकच प्रश्न असतो : कोणते यंत्र घ्यावे आणि कोणता वायू वापरावा? यंत्राचे पैसे एकदाच मोजावे लागतात, सिलिंडर मात्र पुनःपुन्हा भरावा लागतो. इतिहासही तेच सांगतो. वेल्डिंगची कोणती पद्धत कोणापर्यंत पोहोचली, हे बहुधा यंत्राच्या गुणांपेक्षा त्या देशातील वायूच्या भावाने ठरवले.

३/ मूळ अडचण हवेची आहे. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. वितळलेले लोखंड हे दोन्ही वायू झपाट्याने शोषून घेते. ऑक्सिजनमुळे ऑक्साइड तयार होतात. नायट्रोजनमुळे जोड ठिसूळ होतो आणि थिजताना बाहेर पडू न शकलेल्या वायूची छिद्रे आत राहतात. वरून अखंड दिसणारा सांधा मग एका घावात तुटतो. धातू थिजेपर्यंत हवेला दूर कसे ठेवायचे, हाच वेल्डिंगच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

४/ उष्णता मिळवणे त्यामानाने लवकर साधले. हम्फ्री डेव्ही यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच विद्युत प्रज्योत, म्हणजे आर्क, दाखवून दिली होती. निकोलाय बेनार्दोस आणि स्तानिस्लाव ओल्शेव्स्की यांनी १८८५ च्या सुमारास कार्बनच्या कांडीने वेल्डिंग करण्याचे पेटंट मिळवले. १८८८ मध्ये रशियात निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनी आणि १८९० मध्ये अमेरिकेत सी. एल. कॉफिन यांनी कार्बनऐवजी धातूचीच कांडी वापरली. कांडी वितळून सांध्यात भर घालू लागली. पण उघड्या तारेच्या त्या जोडाला हवेपासून पुरेसे संरक्षण नव्हते.

५/ उत्तर स्वीडनमधून आले. गोथेनबर्ग येथील अभियंते ऑस्कर शेलबर्ग जहाजांचे बॉयलर दुरुस्त करीत. त्यांनी १९०४ मध्ये ‘एसाब’ ही कंपनी स्थापन केली आणि १९०७ मध्ये लेप दिलेल्या वेल्डिंग रॉडचे पेटंट घेतले. लोखंडी तार कार्बोनेट व सिलिकेट यांच्या दाट लेपात बुडवून वाळवायची, एवढीच कृती. आर्कच्या उष्णतेने लेप जळून वायू तयार होतो आणि तो हवेला ढकलतो. उरलेला भाग वितळून काचेसारखा स्लॅग बनतो आणि तापलेल्या जोडावर पांघरूण घालतो.

६/ संरक्षक वायू म्हणजे सिलिंडर, हा समज येथे दुरुस्त करावा लागतो. रॉडच्या लेपातच वायूचा कारखाना असतो. ग्रिल, गेट आणि शेडची कामे करणाऱ्या दुकानांत आज सर्रास वापरला जाणारा ६०१३ क्रमांकाचा रॉड याच कुळातला आहे. त्याला सिलिंडर, रेग्युलेटर किंवा नळी लागत नाही. उघड्यावर, वाऱ्यात, शेताच्या बांधावरही तो चालतो. लहान कारागिराच्या हाती आर्क पोहोचली ती प्रामुख्याने या लेपामुळे.

७/ त्याच काळात दुसरी वाट ज्वालेची होती. १८९२ मध्ये थॉमस विल्सन यांना कॅल्शियम कार्बाइड मोठ्या प्रमाणावर बनवण्याची रीत सापडली आणि ॲसिटिलीन स्वस्त झाला. कार्ल फोन लिंड यांच्या हवा-द्रवीकरणामुळे ऑक्सिजन मुबलक मिळू लागला. १९०३ च्या सुमारास फ्रान्समध्ये फूशे आणि पिकार यांनी दोहोंची टॉर्च तयार केली. या ज्वालेचा बाहेरचा थर भोवतीचा ऑक्सिजन स्वतःच जाळून टाकतो आणि धातू वाचवतो. वीज नसलेल्या गावातही गॅस वेल्डिंग चालले, ते यामुळे.

८/ धातूशी अजिबात न बोलणारा वायू मिळाला तर? असा वायू १८९४ मध्ये लॉर्ड रॅले आणि विल्यम रॅमझी यांना हवेतच सापडला. तो कशाशीही संयोग पावेना, म्हणून ग्रीक भाषेतील ‘आळशी’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव आर्गन ठेवले गेले. हवेत त्याचे प्रमाण ०.९३ टक्के. शिवाय त्याचा उत्कलनबिंदू उणे १८६ अंश, तर ऑक्सिजनचा उणे १८३. एवढ्या थोड्या फरकावर दोघांना वेगळे करणे खर्चिक होते. आरंभी तो विजेच्या दिव्यांपुरताच परवडे.

९/ निष्क्रिय वायूंतील दुसरा म्हणजे हेलियम. त्याची कथा भारतातून जाते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात भारतात जमलेल्या निरीक्षकांना सूर्याच्या ज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली. फ्रेंच शास्त्रज्ञ झॉन्सन त्या वेळी गुंटूर येथे होते. नॉर्मन लॉकयर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून ती रेषा पाहिली आणि पुढे ती नव्या मूलद्रव्याची असल्याचे प्रतिपादन केले. पृथ्वीवर हेलियम वेगळा झाला तो १८९५ मध्ये, रॅमझी यांच्याच हातून.

१०/ येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लॉकयर यांनी सिंधुदुर्गातील विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असे अनेकदा लिहिले जाते. १८६८ मध्ये लॉकयर भारतात आले नव्हते. विजयदुर्गावर ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी; तोवर हेलियम प्रयोगशाळेतही हाती आला होता. विजयदुर्गाचे सूर्यनिरीक्षणातील स्थान खरे आहे. तीस वर्षांच्या अंतराने झालेली दोन ग्रहणे लोकस्मृतीने एक केली, इतकेच.

११/ हेलियम उद्योगाच्या हाती आला तो अमेरिकेत. १९०३ मध्ये कॅन्सस राज्यातील डेक्स्टर गावी एका विहिरीतून नैसर्गिक वायू उसळला. समारंभपूर्वक पेटवायला गेले, तर तो पेटेना! १९०५ मध्ये कॅन्सस विद्यापीठातील कॅडी आणि मॅकफार्लंड यांना त्यात हेलियम आढळला. जगातील ज्ञात साठ्यांवर अमेरिकेची मक्तेदारी निर्माण झाली आणि १९२० च्या दशकातील कायद्यांनी निर्यात जवळजवळ बंद केली. १९३७ मध्ये जळालेल्या ‘हिंडेनबर्ग’ या जर्मन हवाई जहाजात ज्वालाग्राही हायड्रोजन होता, कारण त्याला हेलियम मिळू शकला नाही.

१२/ १९२६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या एच. एम. होबार्ट आणि पी. के. डेव्हर्स यांनी निष्क्रिय वायूच्या आवरणात आर्क वेल्डिंग करण्याच्या पेटंटसाठी अर्ज केले. कल्पना पूर्ण होती, तत्त्व बरोबर होते. तरीही जवळजवळ पंधरा वर्षे ती कागदावर राहिली. लोखंडासाठी लेपाचा रॉड पुरेसा असताना महाग वायू हवेत सोडण्याचे कारण कोणापाशी नव्हते.

१३/ ते कारण युद्धाने दिले. कॅलिफोर्नियातील नॉर्थ्रॉप कंपनीला मॅग्नेशियमचे विमान बांधायचे होते. वितळलेले मॅग्नेशियम हवेत भडकून पेटते. तेथील रसेल मेरेडिथ यांनी न वितळणारी टंगस्टनची कांडी आणि तिच्या भोवती हेलियमचा झोत अशी टॉर्च तयार केली. १९४२ मध्ये तिचे पेटंट मिळाले. पद्धतीचे व्यापारी नाव पडले ‘हेलिआर्क’. लढाऊ विमानापुढे वायूच्या किमतीचा प्रश्न गौण ठरला.

१४/ या टॉर्चने शिकवलेला एक धडा आजच्या खरेदीदाराला थेट लागू पडतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्यावरील ऑक्साइडचा पापुद्रा २००० अंशांच्या पुढे. कांडी धन ध्रुवाला जोडली तर पापुद्रा फुटतो, पण टंगस्टन तापून वितळू लागते. ऋण ध्रुवाला जोडली तर टंगस्टन वाचते, पण पापुद्रा तसाच राहतो. तोडगा निघाला तो प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाचा, म्हणजे एसीचा. स्वस्त टिग यंत्रे बहुधा केवळ डीसी असतात. त्यांवर स्टेनलेस स्टील उत्तम जोडता येते. ॲल्युमिनियमसाठी ती घेणारा मात्र फसतो.

१५/ युद्धानंतर ही पद्धत युरोपात गेली, तेव्हा तेथे हेलियम नव्हता. हवा मात्र सर्वत्र होती, म्हणून युरोपीय उद्योगांनी आर्गन घेतला. ब्रिटनमध्ये तर ‘आर्गनआर्क’ हेच नाव रूढ झाले. आर्गन हवेपेक्षा जड असल्याने जोडावर बसून राहतो. हलक्या हेलियमचा झोत दुप्पट-तिप्पट सोडावा लागतो. अमेरिकी कारागीर दीर्घकाळ ‘हेलिआर्क’ म्हणत राहिला, भारतीय कारागीर ‘आर्गन’ म्हणतो. एकाच यंत्राच्या या दोन नावांत दोन भूभागांची वायुसंपत्ती नोंदली गेली आहे.

१६/ आर्गन स्वस्त होण्यामागे पोलादाचा मोठा वाटा आहे. १९५२ मध्ये ऑस्ट्रियातील लिंझ येथे शुद्ध ऑक्सिजन फुंकून पोलाद बनवण्याची पद्धत सुरू झाली. भारतात ती प्रथम राउरकेला येथे आली. पोलाद कारखान्यांसाठी हवा-विभाजनाचे प्रचंड प्रकल्प उभे राहिले. ऑक्सिजनसाठी एवढी हवा द्रवरूप होऊ लागली, की पूर्वी दुर्मीळ असलेला आर्गन जोडउत्पादन म्हणून हाती येऊ लागला. छोट्या दुकानातील आर्गनचा सिलिंडर असा महाकाय भट्ट्यांच्या सावलीत वाढला आहे.

१७/ १९४८ मध्ये अमेरिकेच्या बॅटेल संस्थेत पुढची पायरी गाठली गेली. टंगस्टनऐवजी बारीक तारच रिळावरून अखंड पुढे सरकत राहील आणि तीच वितळून जोड भरेल, भोवती निष्क्रिय वायू असेल : हीच मिग पद्धत. हात न थांबता काम होई आणि वेग कित्येक पटींनी वाढला. पण साध्या लोखंडासाठी आर्गन जाळणे परवडेना, म्हणून आरंभी ती ॲल्युमिनियमपुरती मर्यादित राहिली.

१८/ कोंडी फोडली सोव्हिएत संशोधकांनी. १९५३ मध्ये ल्युबाव्स्की आणि नोवोझिलोव्ह यांनी आर्गनऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरून पोलादाचे वेल्डिंग मांडले. हा वायू निष्क्रिय नाही. आर्कमध्ये तो फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो आणि जोडात छिद्रे पडण्याचा धोका निर्माण होतो. त्यावर उपाय वायूत न शोधता तारेत शोधला गेला : मँगनीज आणि सिलिकॉन मिसळलेली तार तो ऑक्सिजन आधीच टिपून घेते. सक्रिय वायूमुळे या पद्धतीचे काटेकोर नाव मॅग असे आहे. दुकानात ती सीओटूच राहिली.

१९/ हा वायू मुद्दाम बनवावा लागत नव्हता. खतांसाठी अमोनिया बनवताना तो निघतो, किण्वनातूनही निघतो. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीपासून मद्यार्क तयार होताना फसफसून वर येतो तो हाच वायू. आर्गनमागे पोलादाची भट्टी उभी आहे, तशी सीओटूमागे खत कारखान्याची आणि किण्वनाची टाकी. एका उद्योगाचा टाकाऊ श्वास दुसऱ्याचे भांडवल झाला.

२०/ सिलिंडरचे गणितही सीओटूच्या बाजूचे आहे. आर्गन दाबाखाली वायुरूपातच भरला जातो. नेहमीच्या मोठ्या सिलिंडरमध्ये ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर. सीओटू दाबाखाली द्रव होतो. साधारण तेवढ्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये तो ३० किलो मावतो आणि त्याचे सुमारे १६,००० लिटर होतात. मिनिटाला १२ लिटर सोडले, तर आर्गन पावणेदहा तास पुरतो आणि सीओटू बावीस तासांहून अधिक. हे तास आर्क प्रत्यक्ष पेटलेली असतानाचे आहेत. वेगाने बाष्प होताना रेग्युलेटर गोठतो, म्हणून सीओटूला हीटर जोडतात.

२१/ स्वस्ताईची किंमत मात्र असतेच. शुद्ध सीओटूत शिंतोडे फार उडतात आणि ग्राइंडरचे काम वाढते. पातळ पत्र्यावर हात सांभाळावा लागतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बारीक तार आणि कमी व्होल्टेजची ‘शॉर्ट आर्क’ पद्धत आली, तेव्हा पातळ पत्राही जोडता येऊ लागला. पुढे आर्गनमध्ये वीस-पंचवीस टक्के सीओटू मिसळण्याचा मध्यममार्ग रुळला. आर्क शांत होते, शिंतोडे घटतात, भाव दोहोंच्या मधला पडतो.

२२/ त्याच सुमारास अमेरिकेतील लिंकन इलेक्ट्रिकने पोकळ तारेच्या पोटात फ्लक्स भरून वायूशिवाय चालणारी तार बाजारात आणली. शेलबर्ग यांचा लेप बाहेरून आत गेला, एवढाच फरक! ‘गॅसलेस मिग’ म्हणून आज विकली जाणारी घरगुती यंत्रे याच तारेवर चालतात. सिलिंडर वाचतो, पण तार महाग पडते, धूर जास्त होतो आणि स्लॅग झाडावा लागतो.

२३/ वायू स्वस्त झाला, तरी यंत्र घरात शिरत नव्हते. जुनी ट्रान्सफॉर्मर यंत्रे पन्नास हर्ट्झवर चालत, म्हणून त्यांत लोखंड आणि तांबे भरपूर लागे. अनेकांना घरगुती जोडणी पुरत नसे. इन्व्हर्टरने वीज हजारो हर्ट्झवर नेली आणि ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा झाला. यासाठी वापरला जाणारा आयजीबीटी हा विद्युत स्विच १९८० च्या दशकाच्या आरंभी जनरल इलेक्ट्रिकमध्ये बी. जयंत बालिगा यांनी विकसित केला. ते मद्रास आयआयटीचे पदवीधर. होबार्ट आणि डेव्हर्स यांच्याच कंपनीत यंत्राचीही अडचण सुटली.

२४/ या इतिहासातून घरगुती कार्यशाळेसाठी एक क्रम निघतो. अँगल, चौकोनी पाइप आणि शेतीची अवजारे एवढेच काम असेल, तर इन्व्हर्टर यंत्र आणि रॉड पुरेसे. सिलिंडरची अनामत व भाडे नाही. दीड-दोन मिलिमीटरपेक्षा पातळ पत्रा वारंवार जोडायचा असेल, तर मिग आणि सीओटू किंवा मिश्र वायू. स्टेनलेस स्टीलच्या सुबक कामाला डीसी टिग आणि शुद्ध आर्गन. ॲल्युमिनियमला एसी टिग, आणि त्यासाठी मोठा खर्च अटळ.

२५/ मात्र यंत्र घेण्यापूर्वी वायूची चौकशी करावी : जवळचा विक्रेता कोण, भरून देतो की बदलून देतो, चाचणीची तारीख सिलिंडरवर ठोकलेली आहे काय. हा पुरवठा किती नाजूक असतो, ते एप्रिल २०२१ मध्ये दिसले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत केंद्र सरकारने मोजके अपवाद वगळता उद्योगांचा ऑक्सिजन रोखला. आर्गन व नायट्रोजन वाहणारे टँकरही ऑक्सिजनसाठी वळवण्यात आले. जीव वाचवण्यासाठी ते आवश्यकच होते. पण त्या दिवसांत वेल्डिंगचा वायू आणि रुग्णाचा श्वास एकाच साखळीतून येतात, हे सर्वांना कळले.

२६/ शेवटचा मुद्दा घराच्या चार भिंतींचा. वारा संरक्षक वायू उडवतो, म्हणून कारागीर दारे-खिडक्या लावून घेतो. बंद खोलीत मात्र तोच वायू माणसाच्या वाट्याचा ऑक्सिजन हटवतो. आर्गनला रंग नाही, वास नाही. गुदमरण्यापूर्वी तो इशारा देत नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपच्या धुराने ताप भरतो. क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसलेल्या धातूवर आर्क पेटवली, तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. जोडावर झोत नको, पण खोलीत हवा खेळती हवी. सिलिंडर उभा आणि साखळीने बांधलेला असावा.

२७/ शेलबर्ग यांच्या लेपापासून आजच्या मिश्र वायूपर्यंत प्रत्येक पायरीवर प्रश्न एकच होता : हवेला दूर ठेवण्याची सर्वांत परवडणारी रीत कोणती? प्रत्येक देशाने आपल्या जमिनीत, हवेत आणि कारखान्यांत जे होते त्यातून उत्तर दिले. म्हणूनच नवी पद्धत आल्यावर जुनी संपली नाही. रॉड, सीओटू आणि आर्गन आजही एकाच गल्लीत शेजारी-शेजारी नांदतात. आणि पाटीवर वायूचे नाव लिहिणाऱ्या कारागिराने या इतिहासातील कळीची गोष्ट अचूक ओळखलेली असते. (समाप्त)